बारीक आहेस, तुला कसली शुगर?

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. दोन वडापाव, वर मिसळ, शेवटी कोल्ड्रिंक, आणि तरीही शर्ट हँगरला अडकवल्यासारखा. 'याच्या अंगाला काही लागतच नाही राव' असं म्हणत बाकीचे त्याच्याकडे जरा जळूनच बघतात. त्याच ग्रुपमधल्या जाड्या मित्राने दुसऱ्या समोशाला हात घातला, की लगेच कुणीतरी टोकतं, 'शुगर होईल बघ.' शुगर म्हणजे जाड माणसांची गोष्ट, आणि तीही चाळिशीनंतरची, हे आपण न सांगता ठरवून टाकलेलं असतं.

आता हा आकडा वाचा. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या ६१९ तरुण-तरुणींची वयाच्या १८ व्या वर्षी तपासणी झाली. त्यांतल्या ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची रक्तातली साखर नॉर्मलपेक्षा जास्त निघाली. म्हणजे तीन मुलांमागे एकाहून जास्त. आणि यातली खरी मेख पुढे आहे. तपासलेल्यांपैकी ४८ टक्के जण वजनाच्या तक्त्यात 'कमी वजन' या रकान्यात बसत होते. गावातली, शेतावर राबणाऱ्या घरांतली, सडपातळ पोरं. बारावी झालेली किंवा नुकतीच कॉलेजला लागलेली. थोडक्यात, तुमच्याच वयाची.

हा निष्कर्ष २०२१ मध्ये 'डायबेटोलॉजिया' या जगभर मान असलेल्या संशोधनपत्रिकेत छापून आला. त्यामागे जवळपास तीस वर्षांचं काम आहे, आणि ते काम आपल्या मराठी मुलखात झालंय. मलकापूरहून हायवे धरला की तीन-साडेतीन तासांत जिथे पोहोचतो, त्या पुण्यात.

बाळ जन्मायच्या आधीपासून

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक डायबेटीसचे पेशंट बघत होते. पुस्तकात लिहिलेला पेशंट असायचा वयस्क आणि लठ्ठ. ओपीडीत येणारे अनेक पेशंट मात्र त्या वर्णनात बसत नव्हते, वयाने लहान आणि अंगाने बारीक. हे कसं? उत्तर शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे संशोधक एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून जन्मणाऱ्या बाळांची वजनं आरोग्यसेविकांनी रजिस्टरात नीट लिहून ठेवली होती. बार्कर यांच्या टीमने ती जुनी रजिस्टरं बाहेर काढली आणि त्या बाळांचं पुढे काय झालं ते शोधलं. जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे १९८९ मध्ये छापून आलं. १९९१ मध्ये तेच नातं डायबेटीसशीही जोडलं गेलं. म्हणजे साठीत होणाऱ्या आजाराची एक मुळी आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांत असू शकते.

हे खरं असेल तर भारतात ते बघायलाच हवं होतं, कारण जन्मताना कमी वजन हा आपल्याकडे नेहमीचाच प्रश्न. म्हणून १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाली. पुण्याजवळची सहा गावं निवडली. तिथल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली, आणि तीही गरोदर राहण्याच्या आधी. त्यांची उंची, वजन, जेवण, दिवसभराचं काम, सगळं मोजलं गेलं. गर्भारपणात पुन्हा मोजमापं झाली. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी टिपून ठेवली गेली. मग तीच मुलं ६ वर्षांची झाल्यावर, १२ व्या वर्षी, १८ व्या वर्षी पुन्हा तपासली गेली. आता त्यांच्यातल्या काहींना स्वतःची मुलंही आहेत. एकाच अभ्यासात आई, मूल आणि नातवंड, हे जगातही फार कमी ठिकाणी जमलंय.

बारीक, पण आतून जाड

पहिला धक्का बाळांनीच दिला. या गावांतल्या आया गरोदर राहण्याआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास होत्या. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. तुलनेसाठी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं घेतली होती, ती ३.५ किलोची. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असेल, हा साधा अंदाज. पण तसं नव्हतं. दंड बारीक, पोटाचा घेर कमी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी चिमटीत धरून मोजली, तर वजनाच्या मानाने ती बरीच जाड निघाली. संशोधकांनी या बाळाला नाव दिलं 'थिन-फॅट बेबी'. तराजूवर हलकं, पण आतली मांडणी चरबीकडे झुकलेली.

मोठ्यांमध्ये हे कसं दिसतं, याचा एक भारी फोटो आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तो आला. एका बाजूला डॉ. याज्ञिक, दुसऱ्या बाजूला लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कुठल्याही ॲपमध्ये टाका, 'नॉर्मल' असं हिरव्या रंगात येईल. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांची सुरुवात 'वाय'ने होते, म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. डायबेटीसच्या डॉक्टरने स्वतःलाच उदाहरण म्हणून समोर उभं केलं, हेही मस्तच.

गाळप कमी, ऊस जास्त

आता चरबी जास्त आणि स्नायू कमी, याने साखरेचं काय बिघडतं? आपल्या भागात हे समजवायला कारखान्यासारखं उदाहरण नाही.

समजा कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला अडीच हजार टनांची आहे. तेवढाच ऊस आला तर सगळं सुरळीत. पण रोज चार हजार टन येऊ लागला, तर? ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर. ऊस वाईट नाही, कारखानाही बंद नाही. क्षमता आणि आवक यांचा मेळ बसत नाही, एवढंच.

शरीरातही असंच असतं. जेवणातून आलेली साखर रक्तात उतरते. ती उचलून साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार उघडायची किल्ली म्हणजे इन्सुलिन, आणि ती तयार होते स्वादुपिंडात. आईच्या पोटात असताना पोषण तोकडं पडलं, तर वाढणारं शरीर काटकसर करतं. मेंदूला आधी देतं. स्नायू आणि पोटातले अवयव यांच्या वाट्याला कमी येतं. म्हणजे कोठारही लहान आणि किल्ल्या बनवणारं यंत्रही लहान. ही झाली क्षमता. ती बहुतांशी लवकर ठरून जाते.

पण आवक ठरवतो तो आजचा दिवस. पूर्वी त्याच शरीराला भाकरी, कालवण आणि दिवसभर शेतात राबणं होतं. आज मेसची सहा चपात्या-भाताची थाळी, दुपारचा चहा-क्रीमरोल, संध्याकाळी हायवेच्या कडेचा वडापाव, रात्री बेडवर पडून रील्स. आवक वाढली, गाळप तेवढंच. मग रक्तात रांग लागते. त्यात पोटावर आणि यकृतात चरबी साठली की किल्ली कुलपात नीट फिरतही नाही.

त्या १८ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात हेच दिसलं. ज्यांची साखर १८ व्या वर्षी जास्त निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर ६ व्या आणि १२ व्या वर्षीही इतरांपेक्षा वरच होती. म्हणजे आजार एका रात्रीत येत नाही. पहिलीत-सातवीत असल्यापासून तो हळूहळू चालत येत असतो.

पोट भरलं होतं, मग कमी काय पडलं?

आता तुम्ही म्हणाल, आया उपाशी होत्या का? इथे दुसरा धक्का आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी या आयांच्या जेवणाचा हिशोब मांडला. २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. किती कॅलरी आणि किती प्रोटीन पोटात गेलं, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या आया हे जास्त वेळा खात-पीत होत्या, त्यांची बाळं तुलनेने मोठी होती. पोट भरणं आणि पोषण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकड्यांनी सांगितलं.

मग रक्त तपासलं तेव्हा एक नाव पुढे आलं, व्हिटॅमिन बी-१२. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. बी-१२ मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटण-चिकनमधून. भाज्या आणि धान्यांत ते जवळजवळ नसतंच. त्याचा जोडीदार म्हणजे फोलेट. ते पालेभाज्यांत असतं आणि गर्भारपणातल्या गोळ्यांतूनही दिलं जातं. मुलं ६ वर्षांची झाल्यावर दिसलं, की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं. हा शोध २००८ मध्ये आला.

इथे एक मिनिट थांबा. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाईट, असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूतला गंभीर दोष टाळायला त्या लागतातच. घरी कुणी गरोदर असेल तर हा लेख दाखवून तिच्या गोळ्या बंद करू नका. मुद्दा इतकाच, की फोलेटसोबत बी-१२ चीही काळजी हवी. आणि असे अभ्यास संबंध दाखवतात, 'यामुळेच हे झालं' असं सिद्ध करायला वेगळे प्रयोग लागतात. तेही केले गेले. त्याच गावांतली ती बाळं किशोरवयात आल्यावर, २०१२ मध्ये 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यात मुलामुलींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे साध्या जेवणातून सहज मिळू शकेल एवढंसं. लग्नाआधी, गर्भारपणाआधी. पुढे ज्या मुली आई झाल्या, त्यांची बाळं दोन वर्षांची असताना मेंदूच्या वाढीच्या चाचण्या घेतल्या. बी-१२ मिळालेल्या मुलींची बाळं काही चाचण्यांत पुढे होती.

दोष आईचा नाही

हे सगळं वाचून घरी जाऊन आईला 'तू नीट खाल्लं नाहीस म्हणून' असं ऐकवणार असाल, तर आधी पुढचं वाचा.

याच अभ्यासात स्त्रियांच्या कामाचाही हिशोब होता. शेतातलं काम, धुणं, पाणी भरणं. गर्भारपणात ज्यांना जास्त कष्ट पडत होते, त्यांची बाळं लहान होती. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आता विचार करा, सातव्या महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणं हे कुणी हौसेने करतं का? मलकापूरचं नाव देशभर गेलं ते चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून. त्या बातम्यांमध्ये मीटर, पाइपलाइन, पाणीपट्टी यांची चर्चा झाली. पण नळाला पाणी येणं म्हणजे एका गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरणं, आणि म्हणून पाणीपुरवठा ही पुढच्या पिढीच्या शुगरशी नातं असलेली योजना आहे, असाही विचार करता येतो.

शिवाय आपल्या कित्येक घरांत बायका शेवटी जेवतात. पातेल्यात उरेल ते त्यांचं. दूध आधी डेअरीला, मग चहाला, मग मुलांना. अंडी आणली तर पोरांना. तेव्हा आईने काय खाल्लं, हा प्रश्न खरं तर घराने आईसाठी काय उरवलं, असा विचारायला हवा. आणि तो आजही विचारता येतो. तुमच्या बहिणीसाठी, वहिनीसाठी.

तिशीच्या आत कुणी बोलावत नाही

देशाचं चित्र बघितलं तर घाई का आहे ते कळेल. आयसीएमआरच्या 'इंडिॲब' या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. १०.१ कोटी लोकांना डायबेटीस, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे प्री-डायबेटीसमध्ये. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के. आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय डायबेटीस फेडरेशनने कुपोषणाशी जोडलेल्या डायबेटीसला 'टाइप ५' अशी वेगळी ओळख दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांचं काम त्यामागे आहे. बारीक, लहानपणी पोषण न मिळालेल्या तरुणांना होणारा हा आजार. म्हणजे 'बारीक आहेस, तुला कसली शुगर' हे वाक्य आता पुस्तकातूनही बाद झालंय.

पण सरकारी आरोग्य केंद्रांतली डायबेटीसची नियमित तपासणी सुरू होते तिशीनंतर. तुम्ही १९ वर्षांचे असाल तर तुम्हाला कुणी बोलावणार नाही. स्वतःच जावं लागेल. मलकापुरात राहणाऱ्यांना ते अवघड नाही. कृष्णा हॉस्पिटल गावातच आहे, कराडचं उपजिल्हा रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर.

काय तपासायचं? उपाशीपोटी साखर. ती १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना भेटायचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही टेस्टही चालते, पण एक खोच आहे. अंगात लोह कमी असेल तर ती उगीच जास्त दिसू शकते, हे पुण्याच्याच संशोधकांनी तरुणांमध्ये दाखवून दिलंय. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे ॲनिमिया घरोघरी आहे. म्हणून नुसत्या त्या एका आकड्यावर घाबरूही नका आणि निवांतही होऊ नका.

आणि एक टेस्ट फुकट आहे. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला टेप काढा. कमरेचा घेर मुलांचा ९० सेंटिमीटरच्या आत, मुलींचा ८० च्या आत हवा. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, असं असेल तर बीएमआयच्या हिरव्या रंगावर विसंबू नका. तसाही आपल्यासाठी बीएमआयचा इशारा २५ नाही, २३ ला सुरू होतो.

ताटात काय बदलायचं?

मेसवाल्या मावशींशी भांडायचं नाही आणि महागडे डबे आणायचे नाहीत. इंडिॲबनेच दाखवलंय, की भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येते. चपाती, भात, पोहे, बटाटा, साखर. भात सोडून ज्वारीची भाकरी धरली पण चार खाल्ल्या, तर फार फरक पडत नाही. भाकरी चांगलीच, पण एक-दोन कमी करून ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरायला हवी. वाटीभर मटकी-मूग, घट्ट आमटी, मूठभर शेंगदाणे, एक-दोन अंडी, वाटीभर दही. शाकाहारी असाल तर दूध-दही हाच तुमचा बी-१२ चा मुख्य आधार, तो चहापुरता ठेवू नका. दूधही घेत नसाल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. आठवड्यातून तीन-चारदा मेथी, पालक, चाकवत, जे मंडईत स्वस्त असेल ते.

कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असली तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, चहा अजून बाकीच आहे.

आणि कोठार मोठं करायचा एकच मार्ग, स्नायू. जिमची फी परवडत नसेल तर हरकत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिक पदक आणलं. त्यांच्या तालुक्यात राहून जोर-बैठका कशा मारायच्या हे कुणी शिकवायला नको. रोज पंधरा मिनिटं जोर-बैठका, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. 'मुलींनी कशाला वजनं उचलायची' असं कुणी म्हटलंच, तर त्यांना हंड्याचं वजन विचारा.

जन्माच्या वेळी मिळालेली क्षमता बदलता येत नाही, पण रोजची आवक तुमच्या हातात आहे. आणि आज तुमच्या ग्रुपमधले जे कुणी चार-सहा वर्षांनी आई-बाबा होणार आहेत, त्यांच्या बाळाच्या क्षमतेची तयारी आत्ताच, या मेसच्या ताटात चाललीय. तेव्हा पुढच्या वेळी त्या 'अंगाला लागतच नाही' वाल्या मित्राला वडापाव खाताना बघाल, तेव्हा जळू नका. त्याला सोबत घेऊन उपाशीपोटी साखर तपासून या. सकाळी लवकर जा, म्हणजे पहिलं लेक्चरही चुकणार नाही.